पडलेला वारा

मेलिसाचा साखरपुडा आणि तिच्या वडिलांच्या, गिल्बर्टच्या, गुडघ्याचं ऑपरेशन एकाच वर्षी झालं. करोना नुकता ओसरला होता, दोन वर्षं तुंबलेली लग्नं एकदम सुटली होती, आणि हॉल मिळेल ती तारीख धरायची असा काळ होता. मेलिसाला नोव्हेंबरचा मधला शनिवार मिळाला. त्याआधी दिवाळीची सुट्टी आली, आणि त्या सुट्टीत तिचा थोरला भाऊ नेविल डोंबिवलीच्या तीन मित्रांबरोबर हिमाचलात डोंगर चढायला गेला.

"लग्नघर सोडून बर्फात कोण जातं रे?" त्याची आई थेल्मा म्हणाली. तोंडाने कुरकुर चालली होती आणि हाताने त्याच्या सॅकमध्ये लोकरीचे मोजे कोंबणं चाललं होतं.

"मम्मा, लग्न मेलिसाचं आहे. माझं असतं तर दोन महिने आधीच पळालो असतो."

"तुला पोरगी देणार कोण!" आतल्या खोलीतून मेलिसा ओरडली.

असा हसत हसत गेला तो.

घर कळव्याला, खाडीच्या बाजूला, चौथ्या मजल्यावर. पण गिल्बर्ट घोन्साल्विस मूळचा उत्तनचा, बाप-आज्यापासून दर्यावर जाणारा. थेल्माला ठाण्याच्या एका दवाखान्यात नर्सची नोकरी लागली म्हणून मुलं लहान असताना बिऱ्हाड इकडे आलं. गिल्बर्ट मात्र मोसम सुरू झाला की गावी जाऊन बोटीवर राहायचा. पुढे गुडघे गेले, बोट धाकट्या भावाच्या हाती गेली. तरी दर्या काही सुटला नाही, फोनवरून चालू राहिला.

त्याचं असं होतं. त्यांच्या आळीत वारा बघणारा माणूस एकच असायचा. आभाळ कळत नाही असा दिवस आला की बोटी नेणारे सगळे तांडेल त्याच्याकडे जायचे आणि विचारायचे, सोडू का? तो एकच शब्द द्यायचा. सोडा, नाहीतर राहा. गिल्बर्टच्या आधी त्याचे इनासकाका होते, त्यांच्यामागे गिल्बर्ट. कळव्याला आल्यावर लोकांना वाटलं, आता हा गेला. पण एका पहाटे भिवा तांडेलाने फोन केला आणि गिल्बर्ट म्हणाला, "फोन कानाला नको धरू. वाऱ्याला धर." भिवाने हात लांब करून फोन वाऱ्यात धरला. गिल्बर्टने इकडे गॅलरीत डोळे मिटून ऐकलं आणि सांगितलं, "राहा." त्या दुपारी दर्या असा उसळला की भिवाची बायको दुसऱ्या दिवशी घोळीचा अख्खा मासा घेऊन कळव्याला आली.

या कामाचा नियम एकच होता. शब्द दिला की फिरवायचा नाही. इनासकाकांनी एकदा फिरवला होता. बोटी निघाल्यावर त्यांना आभाळाचा रंग आवडेना, म्हणून त्यांनी किनाऱ्यावरून फडकं हलवून सगळ्यांना मागे बोलावलं. अर्ध्या बोटींनी बघितलं, अर्ध्यांनी बघितलं नाही. वळणाऱ्या बोटी जाणाऱ्या बोटींवर आल्या, खडकाच्या तोंडाशी दोन आपटल्या आणि दोन माणसं गेली. वादळ तर आलंच नाही. तेव्हापासून आळीत ठरून गेलं की शब्द दिल्यावर मागून हाक मारायची नाही. जो निघाला त्याने समजायचं, हाक आली नाही म्हणजे शब्द तोच आहे. गिल्बर्टच्या मुलांना हे पाळण्यापासून माहीत होतं.

दिवाळी सरली. नेविलचा दोन दिवस फोन नव्हता. टीव्हीवर दाखवत होते की हिमाचलात वरच्या भागात अवेळी बर्फाचं वादळ सुटलंय, झाडं मोडलीत, रस्ते बंद झालेत. थेल्मा दर तासाला टीव्ही लावायची आणि लगेच बंद करायची. जेवणाचं ताट समोर घेऊन बसायची आणि तसंच उचलून ठेवायची.

गुरुवारी सकाळी, अकरा वाजून गेले असतील, गिल्बर्टचा फोन वाजला.

"डॅडी, ऐकू येतंय?"

"येतंय! कुठे आहेस रे तू?"

थेल्मा स्वयंपाकघरातून तशीच ओल्या हाताने धावत आली. मेलिसाने लग्नाच्या पत्रिकांचा गठ्ठा खाली ठेवला. गिल्बर्टने स्पीकर लावला.

"वरच अडकलोय. खिंडीच्या खाली मेंढपाळांची एक दगडी झोपडी आहे, तिच्यात बसलोय पाच जण. आम्ही चौघं आणि आमचा गाइड, अंगरूप. डॅडी, असला वारा मी जन्मात बघितला नाही. दार उपटून नेलं. पत्रा गेला, तो कुठे पडला तेही दिसलं नाही. बर्फ वरून पडतच नाही, आडवा येतो. हात पुढे केला तर पंजा दिसत नव्हता. दोन रात्री आम्ही तंबूचं कापड दोन्ही हातांनी धरून बसलोय."

"खाल्लंस का काही?" थेल्माने विचारलं.

"मम्मा, चिक्की आहे. संपत आली. ते सोड, सुदेशचं वाईट आहे. त्याच्या पायाची बोटं मेणासारखी पांढरी झालीत. टाचणी टोचली तरी कळत नाही त्याला."

सुदेश म्हणजे नेविलचा कॉलेजपासूनचा मित्र. या घरात त्याने कित्येकदा कालवण ओरपलं होतं.

"आणि आता वारा?" गिल्बर्टने विचारलं.

"तेच सांगायला फोन केला. आता थांबलाय. मी झोपडीमागच्या उंचवट्यावर उभा आहे, इथेच काय ती रेंज आहे. खालचं गाव तीन तासांवर. आमच्यातले दोघं म्हणतात आत्ताच उतरू, सुदेशचा पाय वाचेल. अंगरूप म्हणतो उद्यापर्यंत हलायचं नाही. डॅडी, तू सांग. सोडू का?"

आळीचाच शब्द वापरला पोराने. गिल्बर्टची पाठ ताठ झाली.

"वारा एकदम पडला का हळूहळू?"

"एकदम. पंखा बंद करावा तसा."

"आभाळ?"

"निळं. डोळे दुखतात इतकं निळं."

"फोन वाऱ्याला धर."

गिल्बर्टने डोळे मिटले. पलीकडे काही नव्हतं. लांबून कोणीतरी खोकलं तेवढं ऐकू आलं. कापडाची फडफड नाही, शीळ नाही, वारा मागे सरकताना जो घुमणारा आवाज ठेवून जातो तोसुद्धा नाही. ऑक्टोबरातली वादळं गिल्बर्टने पन्नास वर्षं बघितली होती. ती विजा घेऊन येतात, तासभर थैमान घालतात आणि एकदम पडतात. एकदम पडली की दिवसभर पुन्हा उठत नाहीत. हळूहळू उतरणारा वारा लबाड, तो परत येतो. हा तसला नव्हता.

"गाइड का नाही म्हणतो?"

"म्हणतो, असाच असतो हा. त्याचं हिंदी मला अर्धं कळतं, माझं त्याला अर्धं."

थेल्मा दोन्ही हात जोडून गिल्बर्टकडे बघत होती. खाली ये म्हण, एवढंच तिच्या तोंडावर लिहिलं होतं.

"सोड," गिल्बर्ट म्हणाला. "ऊन आहे तोवर खाली पोच. वाटेत बसू नका. सुदेशला मध्ये घ्या."

"बरं. पोचलो की करतो फोन. मेलिसा आहे का तिथे? माझ्या सूटचं मधलं बटण लाव म्हणावं."

"तूच येऊन लाव!" मेलिसा म्हणाली, आणि लगेच नाक पुसायला लागली.

थेल्माने दोन दिवसांत पहिल्यांदा चहा पूर्ण प्यायला. गिल्बर्टला घरात बसवेना. काठी घेतली आणि लिफ्टने खाली आला. गेटजवळच्या कट्ट्यावर हवालदार तानाजी पेपर वाचत बसला होता. हवालदार म्हणजे फौजेतला, साताऱ्याकडचा, सोळा वर्षं झाली निवृत्त होऊन. दुसऱ्या मजल्यावर राहायचा. दोघांची रोज एकमेकांना डिवचल्याशिवाय सकाळ जायची नाही.

"या नाखवा, या. आज मासळी काय म्हणते?"

"मासळी म्हणते, घाटावरच्यांना काटे काढता येत नाहीत." गिल्बर्ट बसला. "हवालदार, पोराचा फोन आला. वादळ पडलं. उतरायला सांगितलं मी."

तानाजीने पेपर खाली केला. "पडलं म्हणजे?"

गिल्बर्टने सगळं सांगितलं. झोपडी, पत्रा, सुदेशचा पाय, निळं आभाळ. वारा फोनवर कसा ऐकला तेही सांगितलं, जरा तोऱ्यातच सांगितलं. ऐकता ऐकता तानाजीचा चेहरा बदलत गेला. चष्मा काढून त्याने खिशात ठेवला.

"गिल्बर्ट, परत फोन लाव."

"का?"

"त्याला थांबव. मी सहा हिवाळे काढलेत तिकडे वर. बर्फातलं वादळ मध्येच दम खातं. एकदम गप्प होतं, ऊन पडतं, माणसाला वाटतं सुटलो. आणि मग उलट्या अंगाने येतं, पहिल्यापेक्षा वाईट. पहिल्या वाऱ्याने आणून टाकलेला सगळा भुसभुशीत बर्फ उचलतं. वारा पडला तरी पुढचा अख्खा दिवस चौकी सोडायची नाही, असा हुकूम असायचा आम्हाला. तो गाइड बरोबर सांगत होता रे."

गिल्बर्टने खिशातल्या फोनवर हात ठेवला, पण तो बाहेर काढला नाही.

"अरे लाव ना फोन!"

"शब्द दिलाय मी."

"म्हणजे?"

"आमच्यात शब्द फिरवत नाहीत, हवालदार. निघालेल्याला मागून हाक मारली की घोटाळा होतो. आता ते निघाले असतील. मी परत ये म्हटलं तर दोघं वळतील, दोघं वळणार नाहीत. मध्ये तो लंगडा पोर. कोण कुणाला धरेल? फुटतील ते."

"तुझ्या बोटी आहेत का त्या? पोरं आहेत! हाक मारली तर उभी राहतील, ऐकतील."

"तुला दर्या माहीत नाही."

"आणि तुला बर्फ माहीत नाही!" तानाजी एवढ्या जोरात ओरडला की वॉचमन खुर्चीतून उठला. "आयुष्यात बघितला आहेस का बर्फ? फ्रीजमधला सोडून?"

गिल्बर्टने काठी दोन्ही गुडघ्यांत धरली होती आणि तिच्यावर हनुवटी टेकली होती. त्याच्या डोळ्यांपुढे डोंगर येतच नव्हता, प्रयत्न करूनही येत नव्हता. खडकाचं तोंड येत होतं. वळणारी बोट, जाणारी बोट, आणि इनासकाकांच्या हातातलं ते फडकं. तेव्हा गेलेल्या दोघांतला एक त्याचा शाळेतला दोस्त होता. तेव्हा गिल्बर्ट किनाऱ्यावर उभा होता.

तानाजी शिव्या घालत वर गेला, त्याच्या एका जुन्या साहेबाचा नंबर शोधायला. गेटवर रिक्षा आली, सुट्टीवरून परतलेली पोरं उतरली, रिक्षा वळली. खाडीकडून नेहमीचा चिखलाचा वास येत होता. पिंपळाचं पान हलत नव्हतं. शर्ट पाठीला चिकटला होता. पाण्याचा टँकर आला, वॉचमनने पाइप जोडला, टाकी भरायला लागली. गिल्बर्ट तसाच बसून राहिला. तानाजी खाली परत आला तरी तो तिथेच, तसाच.

"अजून नाही लावलास?" तानाजी हळू आवाजात म्हणाला. या वेळी तो ओरडला नाही. "ऊठ रे बाबा. पाया पडतो तुझ्या."

त्या आवाजाने गिल्बर्टचं काहीतरी सुटलं. त्याने खिशातून फोन काढला. नाव दोनदा चुकीचं दाबलं गेलं. मग रिंग गेली. पूर्ण वाजली, कोणी उचलली नाही. पुन्हा लावला. पुन्हा पूर्ण वाजली. तिसऱ्यांदा बाई बोलली, आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता ती संपर्कक्षेत्राच्या बाहेर आहे.

गिल्बर्ट लावत राहिला. लिफ्टमध्ये लावला, पॅसेजमध्ये लावला, दारात लावला. थेल्माने दार उघडलं आणि त्याचं तोंड बघून तिने दाराची चौकट धरली.

"काय झालं?"

तानाजीने सांगितलं. गिल्बर्टला सांगता आलं नाही.

"आणि तू खाली बसून होतास?" थेल्मा म्हणाली. "इतका वेळ?"

"थेल्मा, दिलेला शब्द..."

"माझा पोर आहे तो, गिल्बर्ट! बोट नाही!"

तिने त्याच्या हातातून फोन हिसकावून घेतला आणि स्वतः लावायला लागली. तीच बाई पुन्हा पुन्हा तेच बोलत राहिली. शेवटी थेल्मा त्या बाईलाच विनवायला लागली, "अगं ऐक ना, एकदा लाव ना." मेलिसाने येऊन आईच्या हातातून फोन हळूच काढून घेतला.

मेलिसानेच मग डोकं शांत ठेवलं. सुदेशच्या घरून तिने खालच्या गावातल्या त्या माणसाचा नंबर मिळवला, ज्याच्याकडे पोरं चढायच्या आधी उतरली होती. बऱ्याच वेळाने लागला.

"बहनजी, हवा तो फिर चल पड़ी है," तो माणूस म्हणाला. फोनमधून त्याच्यामागे काहीतरी लांबलचक ओरडत होतं. "अभी आधा घंटा हुआ। इस बार दूसरी तरफ़ से। मुझे अपना फाटक नहीं दिख रहा।"

गिल्बर्टला तो आवाज स्पीकरवरून ऐकू आला. त्याने आयुष्यभर वारा ऐकला होता, पण असला कधी ऐकला नव्हता. त्याच्यात चढउतार नव्हता. लाटेसारखा तो येत-जात नव्हता, एकसारखा नुसता दाबत होता. दर्यावर वाऱ्याला निदान पाणी हलवायचं असतं, त्यात त्याचा जोर जातो. याला तिथे हलवायला काहीच नव्हतं. माणसांशिवाय.

"वर कोणाला पाठवता येईल का? भाईसाहेब, प्लीज. कोणालाही."

"इसमें कौन जाएगा, बहनजी?" तो म्हणाला. आणि मग, "रुकते ही जाएँगे। मैं खुद जाऊँगा।"

तिथल्या जिल्ह्याच्या कंट्रोल रूमला फोन झाला. त्यांनी नाव लिहून घेतलं, वय लिहून घेतलं, हवामान सुधारलं की पथक निघेल म्हणाले. तानाजी आपल्या जुन्या साहेबाशी बोलला, त्या साहेबाने दुसऱ्या साहेबाशी बोलतो म्हणून सांगितलं. फोन ठेवताना तानाजी उभा राहून "जय हिंद सर" म्हणाला आणि मग कोणी ढकलल्यासारखा सोफ्यावर बसला.

मध्येच गिल्बर्टचा फोन वाजला. सगळे एकदम उठले. भिवा होता, उत्तनहून.

"गिल्बर्टबाव, उद्याचं काय वाटतं? सोडू का?"

भिवा दोनदा हॅलो हॅलो म्हणाला.

"मला नको विचारू," गिल्बर्ट म्हणाला. "भिवा, लाइन सोड. माझ्या पोराचा फोन यायचाय. लाइन सोड!"

दुपार उतरली. गिल्बर्ट ऑपरेशनच्या गुडघ्याने जिने चढून गच्चीवर गेला. का गेला हे त्याला सांगता आलं नसतं. तिथे उघड्यावर उभा राहून त्याने सवयीने तोंड फिरवून वारा शोधला. पारसिकचा डोंगर उन्हात तापून धुरकट दिसत होता. दोरीवरचे कपडे सरळ खाली लोंबत होते. इकडे एक झुळूक नव्हती, आणि तिकडे त्याच्या पोराच्या तोंडावर सगळ्या जगाचा वारा सुटला होता. गिल्बर्टने फोन वर धरला, जणू उंचावर रेंज जास्त मिळेल. मग तो मोठ्याने ओरडला. "नेविल, राहा! आहेस तिथे राहा!" शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर पापड वाळत घालणारी बाई दचकून बघायला लागली. तो पुन्हा पुन्हा ओरडत राहिला. "राहा रे! राहा!" तानाजी मागून आला आणि त्याने त्याला दोन्ही खांद्यांना धरून खाली आणलं.

त्या दिवशी काही कळलं नाही. थेल्मा घरातल्या वेदीपुढे गुडघ्यांवर होती, ती उठली नाही. गिल्बर्टशी एक शब्द बोलली नाही.

शुक्रवारी सकाळी अंगरूपचा फोन आला. गावातल्या त्याच माणसाच्या फोनवरून बोलत होता. त्याचा आवाज अगदी तरुण होता, गिल्बर्टला वाटलं होतं त्याहून खूपच तरुण. चार जण खाली पोचले होते. सुदेश पोचला होता. नेविल नव्हता. शोधायला माणसं वर गेली होती.

"अंकलजी," तो म्हणाला, "मैंने मना किया था।"

"हां बेटा," गिल्बर्ट म्हणाला. "तू सही था."

दुपारी नेविल सापडला. एका मोठ्या दगडाच्या आडोशाला बसलेला होता, गुडघे पोटाशी घेऊन. वाटेपासून फार लांब नव्हता.

मेलिसाचा होणारा नवरा शेन आणि तानाजी विमानाने गेले आणि त्याला घेऊन आले. उत्तनच्या चर्चमध्ये अंत्यविधीची मिस्सा झाली. सगळी आळी आली होती, त्या दिवशी एकही बोट गेली नाही. माती देताना भिवाने गिल्बर्टचा दंड धरला होता. लग्न पुढे ढकललं.

सुदेशला महिनाभराने डोंबिवलीला घरी आणलं. डाव्या पायाची तीन बोटं काढली होती. गिल्बर्ट त्याला भेटायला गेला, एकटाच. थेल्मा आली नाही. सुदेशच्या आईने खुर्ची दिली आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

"कसा आहेस?"

"बरा आहे अंकल."

गिल्बर्टने पायाच्या बँडेजकडे बघितलं.

"मला सांग," गिल्बर्ट म्हणाला. "सगळं सांग."

सुदेश भिंतीकडे बघत बोलला. निघायला त्यांना वेळ लागला होता. त्याच्या पायाला पोतं गुंडाळायचं होतं, अंगरूपशी वाद चालला होता. तो तयारच होत नव्हता. शेवटी म्हणाला, तुम्ही जाणारच असाल तर मी एकटं सोडणार नाही. तास-दीड तास गेला असेल त्यात. मग निघाले. उतार संपायच्या आधीच समोरून पांढरी भिंत आली. अंगरूपने सगळ्यांना एका दोराला धरायला लावलं. नेविल शेवटी होता. सुदेश दोनदा पडला, नेविलने दोनदा उठवला. तिसऱ्यांदा पडला तेव्हा अंगरूपने त्याला पाठीवर घेतलं, आणि त्या गडबडीत दोर सैल झाला. मागे बघितलं तर नेविल नव्हता. हाका मारल्या. स्वतःच्या तोंडातली हाक स्वतःला ऐकू येत नव्हती.

"मी दोनदा फोन केला होता," गिल्बर्ट म्हणाला. "रिंग गेली होती. का नाही उचलला त्याने?"

सुदेशने चादर पायावर ओढून घेतली.

"सांग रे."

"अंकल, निघताना आम्ही त्या उंचवट्यावरूनच गेलो. तिथे नेविल थांबला. फोन काढून बघितला. अंगरूप परत म्हणाला, अजून वेळ आहे, माघारी फिरू. तेव्हा नेविल म्हणाला, डॅडीचा फोन नाही आलेला, म्हणजे पक्कं आहे. बदल असता तर... नाही, तो म्हणाला, आमच्यात परत फोन करत नाहीत. डॅडीने केला असता तर मी वळलो असतो. असं म्हणाला हसून. मग बॅटरी थंडीने मरू नये म्हणून फोन सॅकमध्ये कपड्यांच्या आत ठेवला आणि उतरायला लागला. त्यानंतर थोड्याच वेळात वारा आला. तुमची रिंग त्या उंचवट्याची रेंज सुटायच्या आधी आली असेल, सॅकच्या आत. कोणाला ऐकू आली नाही."

गिल्बर्ट उठला. सुदेशच्या डोक्यावर हात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला. मग काठी घेतली आणि जिना उतरला.

घरी आल्यावर त्याने थेल्माला सगळं सांगितलं. एकही वाक्य गाळलं नाही. तिने ऐकून घेतलं. मग उठून गॅलरीचं दार लावलं आणि त्याच्याशेजारी येऊन बसली.

नेविल घोन्साल्विस, वय अठ्ठावीस, मेलिसाचं लग्न ठरलं त्या वर्षी, दिवाळीनंतरच्या गुरुवारी, सत्तावीस ऑक्टोबरला दुपारी, हिमाचलात त्या खिंडीखालच्या उतारावर थंडीने गेला.